नोकरीला लावलेली मुलं महिन्याच्या आत घरी परत येतायत, माझं काय चुकतंय? (पुणे, व्होकेशनल काउन्सेलर)

मुळाकाठची

नमस्कार सगळ्यांना, मोठं लिहिणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा. मी पुण्यात एका संस्थेत दिव्यांग मुलामुलींना नोकरी मिळवून द्यायचं काम करते. पद म्हणाल तर व्होकेशनल काउन्सेलर आणि प्लेसमेंट दोन्ही, म्हणजे सकाळी मुलांशी आणि पालकांशी बोलायचं आणि दुपारी कंपन्यांना फोन लावत बसायचं. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, इथे आठ महिने झाले, पगार अठरा हजार. काम मनापासून आवडतं म्हणून घेतलंय, घरच्यांचा विरोध होता.

आता मुद्दा. धायरीचा एक मुलगा आहे, वय २३, सौम्य बौद्धिक अक्षमता. आमच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं कागदी पिशव्या आणि पाकिटं करत होता, हात इतका साफ की त्याची पिशवी ओळखू येते. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लावला, मीच सगळं जमवलं होतं, पहिल्या दिवशी मी सोडायला गेले, सगळ्यांशी ओळख करून दिली, पेढे सुद्धा वाटले. तीन आठवडे गेला. चौथ्या सोमवारी उठलाच नाही. "नाही जायचं" एवढंच बोलतो, पुढे काही नाही. कंपनी म्हणते काम चांगलं होतं पण चार दिवस गैरहजर आहे. आई शपथेवर सांगते की रोज डबा घेऊन गेला. आणि वडील मला सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही आमच्या पोरावर प्रयोग केलात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हा तिसरा आहे. याच्याआधी एक मुलगी अकरा दिवसांत आणि एक मुलगा महिनाभरात परत आला. माझ्यावर तीन महिन्यांत दहा जणांना लावायचं टार्गेट आहे, वरून सांगतात की झालं ते झालं, पुढचं नाव घे. पण मला पुढचं नाव घ्यायचं धाडसच होत नाहीये. कोणी या कामात असेल तर सांगा, मी नक्की कुठे कमी पडतेय? आणि दुसरं म्हणजे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर नसेल तर या लाइनमध्ये पुढे काही आहे का?

सहकारनगरची_काकू

अगं, आधी शांत हो. मी या कामात २४ वर्षं होते, मागच्या वर्षी थांबले. पहिल्या वर्षी माझे लावलेले किती जण परत आले हे मी मोजलं असतं तर मी पण सोडून दिलं असतं.

तू एवढं सगळं लिहिलंस पण एक गोष्ट कुठेच नाही. त्याला विचारलंस का? आणि विचारलं असशील तर कुठे बसून विचारलंस? ऑफिसात टेबलाच्या पलीकडे त्याला बसवून, बाजूला वडील, आणि मग "का नाही जायचं सांग बरं" असं विचारलं तर तो काय बोलणार गं. अशा मुलांना "का" या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही बऱ्याचदा, पण "दाखव" म्हटलं की सगळं दाखवतात. त्याला घेऊन बाहेर पड. घरापासून कंपनीपर्यंत कसा जायचास ते मला दाखव म्हण. गेटमधून आत शिरल्यावर पहिलं काय करायचास, मग काय, डबा कुठे ठेवायचास, कोणाशेजारी बसायचास. जिथे तो अडखळेल, गप्प होईल किंवा पाय मागे घेईल ना, तिथे उत्तर आहे.

आणि आई म्हणते रोज गेला, कंपनी म्हणते चार दिवस नव्हता, तर दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाहीये असं धरून चाल आणि मग शोध. मी अशा भांडणांत फार वेळा बघितलंय की दोघंही खरं सांगत असतात.

दुसरं, पहिल्या दिवशी सोडायला गेलीस ते चांगलंच केलंस पण पहिला दिवस सगळ्यांचाच चांगला जातो. सगळे कौतुकाने बघत असतात, सुपरवायझर स्वतः येतो. खरी गरज असते ती आठव्या-दहाव्या दिवशी, तेव्हा कौतुक संपलेलं असतं, टाइम ऑफिसचा माणूस बदललेला असतो, आणि आपण तोपर्यंत दुसऱ्याच्या फाइलमध्ये गुंतलेलो असतो. मी शेवटची दहा वर्षं असं ठेवलं होतं की पहिला आठवडा रोज, मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि तीन महिन्यांनंतर पगाराच्या दिवशी फोन. टार्गेट त्यामुळे कधी पूर्ण झालं नाही आणि त्यासाठी ऐकून पण घेतलं. पण माझे लावलेले काही जण आज सुपरवायझर आहेत.

आम्ही सुरुवात केली तेव्हा काम म्हणजे ठरलेलं असायचं, खडू, मेणबत्त्या, पाकिटं, खुर्च्यांचं वेत विणणं, नाहीतर एसटीडीचा बूथ. मोबाइल आल्यावर ते बूथ गेले आणि कितीतरी घरांचा पोटापाण्याचा धंदा दोन-तीन वर्षांत बसला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण माणसाला एकाच कामाला बांधून ठेवत होतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, ऑटिझम, अ‍ॅसिड हल्ला, थॅलेसेमिया सगळं आलं, पण आपल्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये अजून पाकिटंच चालू आहेत. दोन वर्षं पाकिटं केलेल्या मुलाला कंपनीची सवय पाकिटं करून लागत नाही, कंपनीत जाऊनच लागते. वर्कशॉपमध्ये गोंगाट नसतो, पंचिंग नसतं, अनोळखी माणूस ओरडत नाही.

आरसीआयचं विचारलंस ते वेगळं लिहिते, नाहीतर हे फार लांबेल.

चाकण_एचआर

ताई, मी एचआरमध्ये आहे, ऑटो पार्ट्सची कंपनी. दुसऱ्या बाजूने सांगतो, राग मानू नका.

तुम्ही लोक फोन करता तो एचआरला. आम्ही हो म्हणतो, मॅनेजमेंटला पण बरं वाटतं, फोटो निघतो. पण तो मुलगा आठ तास असतो लाइन सुपरवायझरच्या हाताखाली, आणि त्या माणसाला आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं की उद्यापासून असा असा एक जण येणार आहे. त्याच्यावर प्रॉडक्शनचं प्रेशर असतं, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की याला एका वेळी एकच सूचना द्यायची, किंवा सांगून नाही तर करून दाखवायचं. आमच्याकडे कानाने ऐकू न येणारे सहा जण आहेत, आज ते उत्तम काम करतात, पण पहिले दोघं सोडून गेले होते आणि त्याचं कारण एवढंच की सुपरवायझर मागून हाक मारायचा आणि यांनी बघितलं नाही की चिडायचा. नंतर आम्ही लाइनवर दिवा लावला आणि दोन ऑपरेटरना थोड्या खुणा शिकवल्या. खर्च किती आला असेल? काहीच नाही म्हटलं तरी चालेल.

तर पुढच्या वेळी एचआरकडे अर्धा तास आणि सुपरवायझरकडे दोन तास मागा. शक्य असेल तर तुम्ही स्वतः ते काम एक पाळी करून बघा.

आणि ते चार दिवस गैरहजर, त्याचा इन-पंच आउट-पंचचा रिपोर्ट मागा. एचआरला "गैरहजर का" असं विचारू नका, रिपोर्टच मागा. आउट-पंच आहे आणि इन-पंच नाही असं काही निघालं तर ती गैरहजेरी नाही.

कायद्याचं पण थोडं बोला कंपन्यांशी, आम्हाला खरंच माहीत नसतं. २०१६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, खाजगीने सुद्धा. ४ टक्के आरक्षण मात्र सरकारी नोकरीला आहे, आम्हाला नाही, त्यामुळे आमच्याकडे येताना कोट्याचं बोलू नका, कामाचं बोला. आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार आहे तशी दिव्यांग कामगाराला २५ हजार आहे, हे आमच्या पेरोलवाल्याला पण माहीत नव्हतं.

स्क्रीनरीडरवाला

मी स्वतः पूर्ण अंध आहे, एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, शिवाजीनगरला. काउन्सेलरच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बोलतो.

बी.कॉम. झाल्यावर मी एका काउन्सेलरकडे गेलो होतो. ते दहा मिनिटं बोलले, त्यातली सात मिनिटं माझ्या आईशी. "याला संगीताची आवड आहे का?" हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर आईला विचारला. मग सांगितलं टेलिफोन ऑपरेटर किंवा संगीत शिक्षक. मला दोन्हीत काही वाईट वाटत नाही पण मला आकडे आवडायचे आणि ते कोणी विचारलंच नाही. पुढे एका मित्राने एनव्हीडीए दाखवलं, ते ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये करायला घेतलेलं स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आहे आणि फुकट मिळतं. त्यावर एक्सेल शिकलो, लेखनिक घेऊन परीक्षा दिली, तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो तो पूर्ण वापरला.

नोकरी लागल्यावरची गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिले दोन महिने मला नुसतं बसवून ठेवलं होतं. त्रास कोणी दिला नाही, उलट सगळे प्रेमाने "तुम्ही बसा हो" म्हणायचे. ताई, रिकामं बसणं किती त्रासाचं असतं हे सांगता येणार नाही. मी सोडायच्या बेताला आलो होतो. एका वरिष्ठ बाईंनी मला थकीत कर्जदारांच्या फोनचं आणि त्याच्या नोंदींचं काम दिलं, तेव्हापासून गाडी रुळावर आली. तर तुमच्या मुलाला काम दिलं होतं का, की कोपऱ्यात बसवला होता, हे पण बघा. "काम चांगलं होतं" हे वाक्य कंपन्या न बघता पण बोलतात.

निगडीकर_०७

विषयाला सोडून आहे पण इथे माहितगार लोक दिसतायत म्हणून विचारतो. माझ्या लहान भावाची उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, मार्चमध्ये. कॉन्ट्रॅक्टवर होता, ईएसआय कापायचे. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो राजीनामा लिहून दे, थोडे पैसे देतो. त्याला अशी काही मदत मिळते का? तो घरात कोणाशी बोलत नाहीये.

सहकारनगरची_काकू

@निगडीकर, राजीनाम्यावर सही करू देऊ नका, काहीही झालं तरी. ईएसआयच्या शाखेत जाऊन अपघाताची नोंद झालीय का ते पहिल्यांदा बघा, नसेल तर कॉन्ट्रॅक्टर आणि मूळ कंपनी दोघांना लेखी द्या. कामावर झालेल्या इजेला कायमच्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन असतं, किती टक्के ते मेडिकल बोर्ड ठरवतं. ४० टक्क्यांच्या वर आलं आणि वय ४५ च्या आत असेल तर ईएसआयकडूनच व्यवसाय पुनर्वसनाच्या प्रशिक्षणाची सोय आहे, ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज पण आजच भरा. सरकारी नोकरीत असता तर २०१६ च्या कायद्याने त्याला काढताच आलं नसतं, दुसरी जागा द्यावी लागली असती, खाजगीला ते कलम लागू नाही म्हणून कागद पक्के ठेवायचे.

आणि बोलत नाहीये म्हणालात ते सगळ्यात आधी बघा. हात गेलेला माणूस कामाचा विचार सहा महिने करतच नाही, आपण घाई करतो. उजव्या हाताने काय काय करायचा त्याची यादी नका काढू त्याच्यासमोर. तो मशीन ऐकून ओळखणारा असेल, माल बघून खोट सांगणारा असेल, ते ज्ञान बोटांत नव्हतं. क्वालिटी, स्टोअर, टूल रूमचा हिशोब, अशा बाजूने विचार करता येतो. खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ पासून जखमी सैनिकांना नवीन काम शिकवतेय, म्हणजे हे काम पुण्याला नवीन नाही. मुरलीकांत पेटकरांचं १९७२ चं पॅरालिम्पिकचं सुवर्ण सगळ्यांना माहीत असतं, पण १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर त्यांनी पुढे टेल्कोत नोकरी पण केली, ते मी आमच्या मुलांना आवर्जून सांगायचे. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलू.

धनकवडीची_आई

मी काउन्सेलर नाही, ऑटिझम असलेल्या मुलाची आई आहे, तो २६ चा आहे. त्या वडिलांबद्दल एक सांगते. ते तुमच्यावर चिडले नाहीयेत. आम्ही वीस वर्षं फक्त "नाही जमणार" ऐकलेलं असतं, शाळेत, नातेवाइकांत, लग्नकार्यात. मग कोणीतरी येऊन म्हणतं जमेल, आणि आपण चाळीत, सोसायटीत, गावाकडे सगळ्यांना फोन करून सांगतो की मुलगा कामाला लागला. तो परत घरी बसतो तेव्हा त्या सगळ्यांना परत सांगायचं असतं. त्यात पगार सुरू झाला की निराधारची पेन्शन उत्पन्नाच्या मर्यादेत अडकते ही भीती वेगळी, आणि नोकरी गेली तर ती परत सुरू करायला किती खेटे घालायचे. हे तुम्ही आधीच त्यांच्याशी बसून बोलला होतात का? माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

त्यांच्या घरी जा. फोन करू नका, जा.

परदेशी_कोथरूडकर

मी मूळची कोथरूडची, अमेरिकेत एका राज्याच्या व्होकेशनल रिहॅब खात्यात काउन्सेलर आहे, बारा वर्षं झाली. इथे हे सरकारी खातं आहे, १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टवर चालतं, मास्टर्स लागते आणि सीआरसी नावाची परीक्षा. माझ्याकडे एका वेळी शंभराच्या वर केसेस असतात त्यामुळे इथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. पण दोन गोष्टी तुला उपयोगी पडतील.

एक, प्रत्येकाचा नोकरीचा लेखी आराखडा असतो आणि तो त्या माणसाच्या निवडीने बनतो, त्याची सही असते, मला माझ्या मनाने बदलता येत नाही. दोन, नोकरी लागली त्या दिवशी केस यशस्वी धरत नाहीत, कमीत कमी ९० दिवस टिकली तर बंद करता येते. तुझ्या संस्थेत हा ९० दिवसांचा आकडा मागून बघ. दहा लावले हे सांगण्यापेक्षा सहा लावले आणि तीन महिन्यांनी पाच आहेत, हे देणगीदाराला पण समजतं.

आणि काकूंनी वर म्हटलंय ना की कंपनीची सवय कंपनीतच लागते, त्याला इथे खूप अभ्यासाचा आधार आहे, खास करून मानसिक आजार असलेल्या लोकांच्या बाबतीत. आधी वर्षानुवर्षं शिकवा मग नोकरी बघू, यापेक्षा आधी त्याच्या आवडीची खरी नोकरी आणि मग तिथेच शेजारी उभं राहून शिकवणं, याने जास्त लोक टिकतात.

सहकारनगरची_काकू

हां, आरसीआय. नुसत्या एमएसडब्ल्यूवर सीआरआर नंबर, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतला नंबर, मिळत नाही, त्यांच्या मान्यतेचा पुनर्वसनातला कोर्स करावा लागतो. १९९२ चा कायदा आहे, त्यात व्होकेशनल काउन्सेलर आणि प्लेसमेंट ऑफिसर हा नोंदणीचा वेगळा प्रकारच आहे. कर तू, सरकारी किंवा अनुदानित जागेला लागतोच, आणि माझा अनुभव असा की त्या कोर्समध्ये कामाचं विश्लेषण करायला शिकवतात, म्हणजे एक पॅकिंगचं काम बावीस तुकड्यांत कसं फोडायचं, ते एमएसडब्ल्यूत नसतं. पण प्रवेश घ्यायच्या आधी त्या कॉलेजची मान्यता त्या वर्षाला चालू आहे का ते परिषदेच्या साइटवर स्वतः बघ. कॉलेजवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

मुळाकाठची

आठ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगते.

आधी घरी गेले. वडील पहिला अर्धा तास बोलले नाहीत, मग पेन्शनचा विषय निघाला आणि मग दीड तास बोलले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं मला कंपनी दाखव. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रो, नाशिक फाट्याला उतरलो, पुढे शेअर रिक्षा. मी घाबरत होते की वाटेत नाही म्हणेल पण तोच मला घाई करत होता, कुठल्या डब्यात चढायचं ते पण त्यानेच सांगितलं. कंपनीचं गेट आलं, वॉचमनला हात केला, वॉचमनने पण केला. आणि आत पंचिंग मशीनच्या पाच पावलं अलीकडे थांबला. पुढे येईचना. मी म्हटलं दाखव काय करतोस, तर लांबूनच बोट दाखवलं आणि म्हणाला, "माझं बोट चालत नाही. लाल होतं."

दिवसभर खोकी हाताळून त्याच्या बोटांची कातडी घासली गेली होती आणि दुसऱ्या आठवड्यापासून मशीन त्याचा ठसा अधूनमधून घेतच नव्हतं. लाल दिवा, मागे रांग, मागचे ओरडायचे चल रे पुढे. तो तसाच आत जाऊन काम करायचा. चाकण_एचआर दादा, तुम्ही म्हणालात तसाच रिपोर्ट मागितला, चारही दिवशी इन-पंच नाही, आणि त्या चारही दिवशी त्याने पॅक केलेल्या मालाच्या स्लिपवर त्याची सही आहे. त्याला कोणी "तू गैरहजर आहेस" असं सांगितलं, आणि त्याने त्याचा अर्थ लावला की लाल दिवा म्हणजे कंपनीला तो नकोय. म्हणून सोमवारी उठला नाही. तीन आठवडे माझ्या मनात काय काय येऊन गेलं, कोणी मारलं असेल, चिडवलं असेल, काम झेपलं नसेल.

एचआरमधल्या मॅडम खरंच चांगल्या निघाल्या, त्यांनी त्याच दिवशी त्याला कार्ड करून दिलं आणि चार दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात देतो म्हणाल्या. सुपरवायझरबरोबर मी दोन तास बसले. स्क्रीनरीडरवाला दादा, काम होतं त्याला, भरपूर होतं, तेही बघितलं.

आधीच्या दोघांच्या घरी या आठवड्यात जाणार आहे. ९० दिवसांचं वरिष्ठांशी बोलले, नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत, परत विचारणार आहे. उद्यापासून तो परत जातोय, मी साडेसातला नाशिक फाट्याला उभी असेन.

सहकारनगरची_काकू

तुझा पण डबा घेऊन जा आणि जेवायच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर बस. आणि ते कार्ड गळ्यात अडकवायची दोरी घे, खिशात ठेवलं तर धुण्यात जाईल.